उणे पस्तीसची द्राक्षं आणि पेडण्याचा पाऊस

माझा आतेभाऊ अमेरिकेत मिनेसोटात असतो. २०१७ च्या डिसेंबरात तो गावी, गोव्यात पेडण्याला, आला तेव्हा लोकरी स्वेटरांत गुंडाळून दोन बाटल्या घेऊन आला. दोन्ही घरी केलेल्या वाइन, द्राक्षं त्याच्याच परसातली. एकीवर पेनाने 'फ्रॉन्टेनॅक' लिहिलं होतं, दुसरीवर 'मार्केट'. त्या द्राक्षाचा उच्चार तसाच आहे, बाजाराशी संबंध नाही. पहिली दौतीतल्या शाईसारखी काळी आणि चांगलीच आंबट. दुसरी मात्र दोघांनी बोलता बोलता कधी संपवली ते कळलं नाही.

त्याच्या गावात थंडीत पारा उणे तिसाच्या खाली जातो. नेहमीची युरोपीय द्राक्षवेल तिथे एक हिवाळासुद्धा काढत नाही. लोक पूर्वी म्हणे दर शरदात वेली मांडवावरून उतरवून मातीत पुरायचे आणि वसंतात उकरून काढायचे. पण तिकडे नदीकाठी 'रिपारिया' नावाचं एक रानद्राक्ष आपोआप उगवतं. फळ गोटीपेक्षा लहान आणि आंबटढाण, पण वेल उणे पस्तीसलाही जिवंत. मिनेसोटा विद्यापीठाने त्याचा संकर करून १९९६ मध्ये फ्रॉन्टेनॅक काढलं, २००२ मध्ये ला क्रेसेंट, २००६ मध्ये मार्केट. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये एल्मर स्वेन्सन नावाचा एक शेतकरी १९४३ पासून स्वतःच्या शेतावर हाच उद्योग करत होता, आणि काड्या मागेल त्याला वाटत होता. भाऊ हे सगळं एखाद्या कीर्तनकाराच्या रंगात सांगत होता आणि माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. जी वेल उणे पस्तीसला मरत नाही, ती माझ्या परसात कशाने मरेल?

"दादा, पुढच्या खेपेला चार काड्या आण," मी म्हटलं. तो म्हणाला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत टाकीन.

तो परत गेल्यावर मी वाचायला बसलो आणि पहिल्याच आठवड्यात त्याला फोन करून काड्या नको म्हणून सांगितलं. एक तर परदेशातून रोपं-काड्या आणायला परवाना, रोगमुक्तीचा दाखला आणि इथे आल्यावर विलगीकरण लागतं, आणि ते लागतं हे योग्यच आहे. अमेरिकेतून गेलेल्या एका चिमुकल्या किडीने, फायलोक्सेराने, एकोणिसाव्या शतकात अर्ध्या युरोपचे द्राक्षमळे बसवले. दुसरं कारण मात्र मला फार गंमतीचं वाटलं. रिपारियाची वेल थंडी आल्यावर झोपत नाही, ती थंडी यायच्या आधी झोपते, आणि ती कधी येणार हे दिवसाच्या लांबीवरून ओळखते. दिवस पंधरा तासांचा असला की वाढत राहते, तेरा तासांवर आला की शेंडे थांबवून झोपायची तयारी करते. आता आमच्या पेडण्यात एकवीस जूनला, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी, उजेड असतो जेमतेम तेरा तास. म्हणजे त्या बिचारीला इथे बारा महिने हिवाळा तोंडावर आल्यासारखाच वाटणार. ती झोपली की उठायला पुन्हा काही आठवडे फ्रीजसारखी थंडी हवी, आणि इथे जानेवारीच्या पहाटे पारा वीसच्या आसपास. झोपेल लवकर, उठणार कधीच नाही.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी 'काटक' हा शब्द चुकीच्या जागी लावत होतो. कशापुढे काटक, हे विचारायलाच हवं. माझ्या परसात झाडाला मारायला थंडी येत नाही. येतो तो पाऊस, जून ते सप्टेंबर, तीन हजार मिलिमीटरच्या घरात. नाशिकच्या चौपट. मला उणे पस्तीसची वेल नको होती, मला बुडून न मरणारं झाड हवं होतं.

एवढी अक्कल येऊनही मी द्राक्षंच लावली. भावाच्या बाटलीची चव जिभेवरून जात नव्हती. आपल्याकडे बेंगळुरू ब्लू म्हणतात ते मूळचं इझाबेला, अमेरिकेतल्याच लाब्रुस्का कुळातलं, जाड सालीचं आणि रोगाला नेहमीच्या द्राक्षांपेक्षा कमी बळी पडणारं. आपल्या गोड लाल 'पोर्ट' वाइनमध्ये बरंचसं हेच असतं. म्हटलं, दुकानात जी चव चालते ती परसातही चालेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये हमरस्त्यावरच्या एका नर्सरीतून सहा रोपं आणली. त्यांतली दोन पुढे हिरव्या द्राक्षाची निघाली. तक्रार करायला गेलो तर मालक म्हणाला, "पिकली की निळी होतील." ती पिकलीच नाहीत, त्यामुळे त्याचं म्हणणं खोटं असल्याचं मला आजतागायत सिद्ध करता आलेलं नाही.

आमचं परस म्हणजे जांभा. वर वीतभर लाल माती, खाली चिरा. पहारीने दोन-दोन फुटांचे खड्डे पाडले, शेणखत आणि नदीकाठची माती घातली. माती तपासून घेतली होती. सामू ५.४ निघाला, म्हणजे माती आंबट, म्हणून चुनाही घातला. वरून सगळं पुस्तकात असतं तसं दिसत होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला तेव्हा कळलं की जांभ्यात पाडलेला खड्डा म्हणजे खड्डा नसतो, ते भांडं असतं. आजूबाजूचा दगड पाणी हळू पितो आणि माती भरलेला खड्डा मात्र तुडुंब. मी रोपाच्या बुंध्याशी काठी खुपसली तर बुडबुडे आले. एका खड्ड्यात चक्क बेडूक बसला होता, आणि तो तिथे खूश होता.

दोन वेली मुळं कुजून गेल्या. बाकीच्यांवर केवडा रोग आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सकाळी पानावर एक पिवळसर डाग दिसतो, भज्याच्या कागदावर तेल पसरतं तसा, उजेडात धरला तर अर्धपारदर्शक. पान उलटं करायचं. डागाच्या बरोबर मागे पांढरी लव, बोटाला पिठासारखी लागणारी. तीन दिवसांत डाग तांबूस होतो, आठव्या दिवशी पान गळतं. नाशिकचा शेतकरी ह्याला डाऊनी म्हणतो आणि रात्र रात्र झोपत नाही.

आमच्या वाडीत पोफळीवर चढून बोर्दो मारणारा एक गडी आहे. पावसाच्या तोंडाशी सुपारी गळू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं ते निळं पाणी दर कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मारतात. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मी त्याला माझ्या वेलींवर मारायला सांगितलं तेव्हा तो हसला. "हें माडयेचें वखद," म्हणाला, पोफळीचं औषध, वेलीला काय करायचं? मी त्याला सांगितलं की बाबा, हे औषध मुळात द्राक्षासाठीच निघालं, १८८५ च्या सुमारास, फ्रान्समधल्या बोर्दो भागात, ह्याच रोगावर, म्हणून तर त्याचं नाव बोर्दो. त्याला ते पटलं नाही. औषध मात्र त्याने नीट मारलं. तिसऱ्या दिवशी सरींनी धुऊन टाकलं. पुन्हा मारलं, पुन्हा धुतलं. जुलैअखेर वेलींपेक्षा अंगणच जास्त निळं झालं होतं.

वर्षभरानंतर तीन वेली उरल्या होत्या. घाटावर द्राक्षाला दोन छाटण्या देतात, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. वेल इथे थंडीने झोपत नाही, म्हणून तिला कात्रीने फसवावं लागतं. २०१९ च्या ऑक्टोबरात पाऊस गेला असं समजून मी वीस तारखेला छाटणी केली. दिवाळीत क्यार वादळ आलं. ते सरलं आणि मागून महा आलं. नुकते फुटलेले गुलाबी कोंब पावसात काळे पडले. तरी एका वेलीने पुन्हा फूट काढली आणि २०२० च्या मार्चअखेर, सगळा देश घरात बसलेला असताना, मी परसात बुलबुलांशी भांडत दोन किलो तीनशे ग्रॅम द्राक्षं उतरवली.

त्याची दीड बाटली वाइन झाली. लाब्रुस्काला एक खास वास असतो, अमेरिकन लोक त्याला कोल्ह्याचा वास म्हणतात. मला तो रबराच्या खेळण्याला जॅम फासल्यासारखा आला. आईने नुसता वास घेतला आणि विचारलं, "हे लहानपणीचं सरबत काय रे?" पाठोपाठ, "घरात सोरो करतलो काय तू आता?" सोरो म्हणजे दारू.

पण तोवर खरं काम वेगळीकडे सुरू झालं होतं.

२०१९ च्या जानेवारीत मी वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात गेलो होतो. आमच्याकडून तासाभराची वाट, तेरेखोल नदी ओलांडली की झालं. जायचं होतं काजूच्या कलमांसाठी. तिथल्या एका जाणत्या माणसाला मी माझी द्राक्षकथा सांगितली आणि विचारलं, वाइनसाठी परसात काय लावू? मला वाटलं तो जातींची नावं घेईल. त्याने उलट विचारलं, "तुम्हाला वाइन कुठल्या महिन्यात करायची आहे?"

हा प्रश्न मला कुठल्याही पुस्तकात भेटला नव्हता. आमच्याकडे काजू मार्च ते मे. कोकम आणि करवंद एप्रिल-मेमध्ये. जांभूळ मेअखेरीपासून पाऊस त्याला झोडपेपर्यंत. म्हणजे वाइनची सगळी फळं वर्षातल्या सर्वांत उकाड्याच्या तीन महिन्यांत येतात, आणि यीस्टच्या पाकिटावर लिहिलेलं असतं तीस अंशांपर्यंत. मे महिन्यात आमच्या माजघरात चौतीस असतात. त्याउलट जुलै-ऑगस्टात बाहेर धो धो आणि घरात सव्वीस-सत्तावीस, रात्रंदिवस. म्हणजे आमचं तळघर म्हणजे पावसाळा. फळ उन्हाळ्यात उतरवायचं, गोठवून ठेवायचं, आंबवायचं पावसात. हे गणित जमलं तेव्हा कुठलं झाड लावायचं हे निम्मं ठरून गेलं. जे फळ फ्रीझरमध्ये नासत नाही ते आत, बाकीचं बाहेर.

काजूला नवीन झाड लावायची खरं तर घाई नव्हती. भाटात, म्हणजे घरच्या बागायतीत, आजोबांच्या काळची अकरा झाडं उभी होती. त्यातलं कुठलं वाइनचं हे मात्र कुणी कधी पाहिलं नव्हतं. काजूकडे सगळे बी बघून बघतात, बोंडू, म्हणजे त्याचं फळ, गेला फेणीच्या भट्टीला. मी साखर मोजायचं हातात मावणारं रिफ्रॅक्टोमीटर मागवलं, प्रत्येक बुंध्यावर खडूने नंबर घातले आणि २०१९ चा सगळा एप्रिल सकाळी सहाला भाटात काढला. रात्री आपोआप पडलेला बोंडू घ्यायचा, झाडावरचा ओढून नाही. फेणीवालेही तसंच करतात. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचं. नऊ टक्के, दहा, अकरा, अकरा, साडेनऊ. चार नंबरच्या लाल बोंडूने तेरा दाखवले आणि मला वाटलं, सापडला. मग तो चावला. काजूचं टॅनिन ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना सांगायला नको, घसा असा धरला की दहा मिनिटं बोलता येईना. नऊ नंबरचा पिवळा बोंडू साखरेला बारा होता आणि खाऊन लगेच बोलता येत होतं. नऊ नंबर ठरला. त्याच्या काड्या घेऊन जूनमध्ये चार कलमं बांधली, तीन जगली.

पहिल्या वर्षी मी काजूची वाइन अधीरपणे एप्रिलातच घातली, ह्या सगळ्या शहाणपणाच्या विरुद्ध. तीन दिवसांत आंबवण संपलं, उकळल्यासारखं, आणि गराफांवाचं, काचेच्या मोठ्या बरणीचं, तोंड उघडलं तर कुजक्या अंड्याचा वास. दुसरा गराफांव आंबून व्हिनेगर झाला. शेजारची ख्रिस्ती आंटी दर नाताळला मनुकांची आणि बिटाची वाइन करते. तिने बोळ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मी तोंडाला कापूस लावला होता, चिलटं कापसातून आत गेली होती. ती स्वतः पाण्याची नळी लावते, एक टोक गराफांवात, एक पाण्याच्या पेल्यात. इतकी वर्षं कुंपणापलीकडे ही विद्या होती आणि मी मिनेसोटाला फोन करत होतो.

काजूच्या रसाचं टॅनिन काढायचा उपाय मात्र तिलाही नवीन होता. साबुदाणा. लिटरला पाच ग्रॅम साबुदाण्याची पूड थोड्या पाण्यात शिजवून खळ करायची, गार झाली की रसात ढवळायची आणि रात्रभर ठेवायची. सकाळी बरणीच्या तळाशी करडा गाळ दिसतो, वर फिकट सोनेरी रस. घसा धरणारं बरंचसं त्या गाळात जातं. हा निवळ रस मी गोठवतो. दहा लिटरला एक ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतो, म्हणजे रानटी जंतू गप्प बसतात. जुलैत बाहेर काढला की साखरमापकावर त्याची घनता साधारण १.०४५ येते. त्यात किलोभराहून थोडी जास्त साखर घालून १.०८५ पर्यंत नेला की अकरा टक्क्यांच्या आसपास वाइन होते. ह्याहून जास्त ओढाताण मी करत नाही. आणि भट्टी लावून दारू गाळत तर मुळीच नाही. हुर्राक-फेणी गाळायची तर परवाना लागतो, वाइन विकायची तरी लागतो, मला दोन्ही करायचं नाही.

कोकमाची गोष्ट वेगळी. भाटाच्या खालच्या अंगाला दोन जुनी भिंडांची, म्हणजे कोकमाची, झाडं होती, उंच, हिरवीगार, कधी एक फळ धरलं नाही. आई त्यांना वांझ म्हणायची आणि दर शिमग्याला तोडायचं ठरायचं. वेंगुर्ल्याहून आल्यावर फुलं जवळून पाहिली तेव्हा उलगडा झाला. ती वांझ नव्हती, नर होती. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात, आणि बी पेरलं तर फुलेपर्यंत कळत नाही, म्हणजे सहा-सात वर्षं आपण कुणाला पोसतोय ते माहीत नसतं. म्हणून कलम, आणि तेही उभ्या फांदीच्या काडीचं. आडव्या फांदीची काडी घेतली तर झाड जन्मभर आडवंच पसरतं, केरसुणी जमिनीवर टाकल्यासारखं. मी दापोली विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीची दोन कलमं आणली, पोफळींच्या सावलीत लावली, कारण पहिली वर्षं त्याला ऊन सोसत नाही. नर झाडं तोडली नाहीत. आता त्यांना घरात थोडा मान आहे.

नुसत्या कोकमाची वाइन करू नये, हे मी करून सांगतो. रस इतका आंबट की यीस्ट त्यात तरंगत पडलं, बुडबुडाही नाही. पण जांभळाच्या वाइनमध्ये मूठभर ताजी सालं टाकली की रंगाला आणि धारेला काय होतं ते बघण्यासारखं आहे. त्यामुळे कोकम माझ्याकडे मसाल्याच्या डब्यातलं झालंय. उरलेल्याची सोलं होतात, बियांचं मुठेल, म्हणजे तेल, होतं, आईची तक्रार नाही.

बिंबली मी विचारपूर्वक बाहेर ठेवली. परसात झाड आहे, बुंध्यापासून लगडतं, आंबटपणासाठी ती घाल असं दोघांनी सुचवलं. पण तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल फार, आणि तिचा घट्ट रस पिऊन मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी केरळात आहेत. ती बांगड्याच्या कढीत बरी. अननस लावले, वाइन होते, मला तिच्यात काही विशेष वाटलं नाही. करवंदं लावावी लागली नाहीत, मोपाच्या सड्यावर पोतंभर मिळायची. ज्या जाळ्यांतून काढायचो तिथून आता विमान उडतं, म्हणून २०२३ मध्ये कुंपणाला करवंदाच्याच बिया टोचल्या. त्याचा चीक सुरीला आणि गाळणीला असा बसतो की गरम पाण्याशिवाय निघत नाही, पण रंग गुलाबी येतो.

द्राक्षांचा मांडव रिकामा उभा होता, लोखंडी नळ्यांवर खर्च झाला होता, म्हणून त्यावर पिवळं कृष्णफळ, म्हणजे पॅशनफ्रूट, चढवलं. जांभळ्या जातीला थोडा गारवा लागतो, समुद्रकाठी पिवळी बरी. एका ओळखीच्याकडून दोन फाटे आणले. वर्षात मांडव भरला, दुपारी बाराच्या सुमाराला फुलं उमलायची, आणि सगळीच्या सगळी दुसऱ्या दिवशी खाली. दोन महिने मी खत देत राहिलो. मग कळलं, पिवळं कृष्णफळ स्वतःच्या परागाने धरत नाही, आणि माझे दोन्ही फाटे एकाच वेलीचे, म्हणजे कागदावर दोन आणि प्रत्यक्षात एक. बियांपासून तिसरी वेल लावली, आणि सरपणातली पोखरलेली जुनी लाकडं मुद्दाम तशीच ठेवली, कारण हे काम करणारा काळा भुंगा त्यांत घर करतो. आता फळ धरतं. ह्या मांडवाच्या एका खांबाला उरलेली बेंगळुरू ब्लू अजून चिकटून आहे. फळ देत नाही, मरतही नाही.

आणि जांभूळ. हे झाड मी आधीच का निवडलं नाही ह्याचं मला आजही नवल वाटतं. बी पेरलं तर आठ-दहा वर्षं थांबावं लागतं, मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो, म्हणून कलमंच घेतली, 'कोकण बहाडोली'ची तीन. जून २०१९ मध्ये त्यांतली दोन, द्राक्षं कुजली त्याच खड्ड्यांत लावली. पाऊस आला, खड्डे भरले, मी छत्री घेऊन काठीने बुडबुडे मोजायला गेलो. झाड तसंच उभं. ओढ्याच्या काठी पाय पाण्यात सोडून उभं राहणारं झाड ते, त्याला एवढ्याशा पाण्याचं काय? ऑगस्टात उलट नवी तांबूस पालवी फुटली. बेडूकही तोच होता बहुतेक.

२०२४ च्या मेअखेर पहिल्यांदा मनासारखं फळ आलं, चौदा किलो. रात्री वटवाघळं, सकाळी माकडं, मध्ये मी. झाडाखाली जुन्या साड्या बांधून पडलेलं वेचलं, धुतलं, गोठवलं. गोठवल्यावर फळाच्या पेशी फुटतात, त्यामुळे बाहेर काढलं की हाताने कुस्करलं तरी रंग सुटतो, ठेचावं लागत नाही, बी फुटून कडू होत नाही. जुलैत बादलीत सालींसकट चार दिवस आंबवलं, दिवसातून दोनदा वर आलेला चोथा लाकडी पळीने खाली दाबत. मग गाळून गराफांवात, आंटीच्या पद्धतीने नळी पाण्यात. पहिल्या रात्री घरात टप् टप् असा आवाज येत राहिला. आईला वाटलं कौल गळतंय. ती बादली घेऊन उठली.

नाताळात भाऊ आला होता. त्याला न सांगता पेल्यात दिली. त्याने उजेडाकडे धरली, वास घेतला, प्याला, आणि विचारलं, "मार्केट लावलंस काय शेवटी?" मी त्याला परसात नेऊन झाड दाखवलं. तो बराच वेळ वर बघत राहिला, मग म्हणाला की त्याच्याकडे ह्या वर्षी मेमध्ये गोठलेलं दंव पडलं आणि ला क्रेसेंटचे सगळे कोंब गेले. थंडीची वेल, पण लवकर फुटली म्हणून गेली.

यंदा माझी पाळी होती. मे २०२५ च्या वीस तारखेनंतर पाऊस असा कोसळायला लागला की पुढे मान्सून नक्की कुठून सुरू झाला ते वेगळं ओळखू येईना. जांभळं नुकती रंगायला लागली होती. भिजून तडकली, साड्यांत चिखल झाला. रोज सकाळी वेचून वेचून सहा किलो जमली, त्यात काही अर्धी कच्ची. आता जुलैचा दुसरा आठवडा आहे, माजघरात सव्वीस अंश, यीस्टचं पाकीट मांडणीवर तयार आहे. सहा किलो फार कमी, म्हणून काजूचा नऊ नंबरचा रस त्यात मिसळावा का ह्याचा विचार चाललाय. रंग फिका पडेल, पण कोकमाची सालं आहेत. तोवर जांभळं फ्रीझरमध्ये मानकुराद आंब्याच्या रसाच्या डब्यांवर बसली आहेत, आणि आईने काल दार उघडून सांगितलं आहे की चतुर्थीच्या आधी तिला वरचा कप्पा रिकामा पाहिजे.